पल्ट्रुजन लाईन ठरावीक मीटरनंतर डायमध्ये अडकते? आधी रोव्हिंगच्या जोडांचा हिशेब मांडा

पल्ट्रुजन म्हणजे काचतंतूंचे जुडगे, म्हणजे रोव्हिंग, रेझिनमध्ये (तापून कडक होणाऱ्या राळेत) भिजवून तापलेल्या साच्यातून, म्हणजे डायमधून, सतत ओढत सळई काढायची रीत. एक रोव्हिंग संपत आली की तिच्या टोकाला पुढची बांधायची, तो जोड. लक्षण असं: चार-साडेचार दिवस लाईन एका लयीत चालते, कुणाला हात लावावा लागत नाही. मग एखाद्या पाळीत पुलरचा (सळई ओढणाऱ्या यंत्राचा) लोड हळूहळू चढायला लागतो. डायच्या तोंडाशी तुटक्या तंतूंचा पांढरा पुंजका धरतो, एक रोव्हिंग तुटते, तिच्या पाठोपाठ दुसरी, आणि बघता बघता सळई डायमध्येच घट्ट होऊन बसते. पुढचं काम पल्ट्रुजनवाल्यांना पाठ असतं. हीटर बंद, डाय थंड, बोल्ट सैल, आत कडक झालेला माल काढायचा आणि सगळे पेड (रोव्हिंगचे धागे) पहिल्यापासून ओवायचे. एक अख्खी पाळी त्यात जाते.

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या लाईनवर हे वारंवार होत होतं. माल म्हणजे १२ मिमी व्यासाची काचतंतूंची सळई, रेझिन व्हिनिल एस्टर. क्रीलवर, म्हणजे बॉबिन ठेवायच्या रॅकवर, ३६ बॉबिन, प्रत्येकातली रोव्हिंग ४८०० टेक्सची, म्हणजे एका किलोमीटरचं वजन ४८०० ग्रॅम. डाय ९०० मिमी लांब आणि वेग मिनिटाला ६०० मिमी. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच राहील. म्हणून आमचेच आकडे धरून सांगतो.

पहिल्या दोन्ही वेळा लाईन रात्रपाळीत अडकली. एकदा बुधवारी पहाटे पावणेतीनला आणि नंतर मंगळवारी सकाळी पावणेसातच्या आत, पाळी बदलायच्या तोंडावर. साहजिकच बोट रात्रपाळीच्या ऑपरेटरकडे गेलं. डोळा लागला असेल, रेझिनची पातळी पाहिली नसेल, जोड नीट मारला नसेल, असं सगळं त्याच्या तोंडावर बोलून झालं. त्या माणसाची काही चूक नव्हती. पुढे ते आकड्यांनी सिद्ध झालं आणि त्याला तसं सगळ्यांसमोर सांगितलं. तुमच्याकडे कुणाला मेमो द्यायचं चाललं असेल, तर तेवढं थांबा आणि हे पूर्ण वाचा.

तिसऱ्यांदा लाईन अडकली ती सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, सगळे साहेब लोक हजर असताना. वार वेगळा, पाळी वेगळी, ऑपरेटर वेगळा. तारखांमध्ये कसलाच मेळ दिसत नव्हता. मेळ लागला तो लाईनच्या मीटर काउंटरवर. अडकण्याच्या वेळचे तिन्ही आकडे काढून वजाबाक्या केल्या, तर दर वेळी फरक ४,१०० ते ४,२०० मीटरच्या दरम्यान. २० किलोच्या बॉबिनवर ४८०० टेक्सची रोव्हिंग बसते ४,१६६ मीटर. कागदावर हे दोन आकडे शेजारी शेजारी आले तेव्हा मी दोन मिनिटं गप्पच बसलो. ताशी ३६ मीटरने ४,१६६ मीटर जायला सुमारे ११६ तास लागतात. मध्ये गुरुवारची सुट्टी येते, अडकलेल्या लाईनचा एक पाळीचा खाडा येतो, म्हणून कॅलेंडरवर हे अंतर सरकत राहतं आणि वाराचा घोळ होतो. बॉबिनला वार कळत नाही, तिला फक्त मीटर कळतात.

तर पहिलं काम हे. लॉगबुकातल्या अडकण्याच्या नोंदी काढा, तारखांऐवजी मीटर लिहा आणि फरक काढा. तो फरक तुमच्या बॉबिनच्या लांबीशी, किंवा तिच्या पटीशी जुळत असेल, तर दुखणं जोडांमध्ये आहे. जुळत नसेल तर आयलेटच्या (पेड ज्यातून ओवतात त्या कडीच्या) चिनीमातीत पडलेली खाच, डायच्या क्रोमचे निघालेले पोपडे, रेझिनमध्ये फिलरच्या गुठळ्या, डायचं तापमान, असल्या गोष्टींकडे वळा. खालचं सगळं ज्यांचे आकडे जुळले त्यांच्यासाठी आहे.

आमचा पहिला उपाय आणि तो अर्धाच का ठरला

जोडांवर संशय आला की पहिला विचार येतो तो जोड कच्चा असल्याचा. आमचे जोड हातानेच व्हायचे. दोन टोकं पिंजून वीतभर एकमेकांवर आडवी घालायची, बोटांनी मिसळायची आणि वर फेव्हिक्विकचा थेंब. काही जण सरळ गाठ मारायचे. गाठीचा तोटा उघड आहे. काचेचा तंतू ताणाला दणकट असतो, पण कमी त्रिज्येत वाकवला की कटकन मोडतो. शिवाय गाठीच्या जागी तीन-चार पेड एकावर एक येतात. ती फुगी गाइड प्लेटच्या भोकातून जाता जाता शेजारच्या पेडालाही सोलते.

फेव्हिक्विकचं नुकसान मात्र मला सळई कापून पाहिल्यावरच कळलं. अडकलेला तुकडा डायमंड ब्लेडने कापला, कापलेली बाजू पॉलिश पेपरवर घासली आणि भिंगाखाली धरली. बाकी सगळीकडे काच आणि रेझिन एकजीव होऊन हिरवट, काचेसारखं झालेलं. मध्येच मसुराच्या डाळीएवढा दुधी पांढरा ठिपका. नखाने टोकरलं तर तिथले तंतू कोरडेच्या कोरडे सुटून आले. डिंकाने ते आधीच बांधून टाकलेले, त्यामुळे रेझिन आत शिरलंच नव्हतं. बाहेरून त्या सळईत काहीही दिसत नव्हतं. असा माल काँक्रीटमध्ये जाणार, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्या दिवसापासून लाईनवर डिंक बंद.

मग हवेवर चालणारा स्प्लायसर घेतला. दोन टोकं त्याच्या कप्प्यात समोरासमोर घालायची आणि खटका दाबायचा. हवेच्या झोताने तंतू एकमेकांत गुंततात, जोड चार-पाच सेंटिमीटरमध्ये होतो. डिंक नाही, गाठ नाही. आतले तंतू मोकळे राहिल्यामुळे रेझिन नीट भिनतं. यंत्र चांगलं आहे आणि लाईनवर असायलाच हवं. पण यंत्र आल्यावरही ११६ तासांचं चक्र काही तुटलं नाही. लाईन पूर्ण अडकायची नाही, पण त्याच मीटरच्या आसपास लोड चढायचा, पृष्ठभागावर ओरखडे यायचे, आणि पुढे पावसाळ्यात एकदा पुन्हा पूर्ण अडकली.

स्प्लायसरबद्दल इथेच बोलून घेतो, कारण पावसाळ्यातला तो प्रकार निव्वळ हवेमुळे झाला होता. जून ते सप्टेंबर पुण्याच्या हवेत किती ओल असते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ते पाइपातून स्प्लायसरपर्यंत येतं, आणि ओले तंतू फुलण्याऐवजी एकमेकांना चिकटतात. वरून जोड ठीक दिसतो, पण ओढला की मऊ भातातून दोरा ओढावा तसा निसटतो. परीक्षा सोपी आहे. कोरा पांढरा कागद वीतभर अंतरावर धरा आणि पाच-सहा वेळा खटका दाबा. कागदावर ओल किंवा तेलाचे ठिपके दिसले तर जोड मारायला घेऊच नका. आधी टाकीचा ड्रेन उघडा, फिल्टर पाहा, ड्रायर चालतोय का पाहा.

दुसरी गोष्ट दाबाची. कॉम्प्रेसरवरचा काटा ७ बार दाखवत होता आणि सगळे त्यावर निर्धास्त होते. मी स्प्लायसरच्या तोंडाशी टी टाकून गेज लावला. खटका दाबल्याक्षणी दाब ४ च्या खाली. कारण १५ मीटर लांबीची, ६ मिमीची बारीक नळी. काटा नेहमी खटका दाबलेला असताना वाचा. नळी जाड केली, क्रीलजवळ छोटी टाकी बसवली, आणि जोडांची पकड त्याच दिवशी सुधारली. राहिलं ते किरकोळ पण रोजचं आहे. कप्प्यात साइझिंगची (तंतूंवरच्या लेपाची) पांढरी भुकटी साठते, ती मऊ ब्रशने झाडायची. पाती बोथट झाली की जोडाच्या दोन्ही बाजूंना मिशा राहतात, आणि मिशी पाच मिलिमीटरपेक्षा लांब असली की ती पहिल्याच भोकाला अडते. पाळीच्या सुरुवातीला टाकाऊ रोव्हिंगवर पाच जोड मारायचे, दोन्ही हातांना पीळ देऊन ओढायचे, आणि क्रीलपासून प्रीफॉर्मरपर्यंतच्या (डायआधी पेडांना एकत्र आणून आकार देणारा भाग) सर्वांत लहान भोकातून हाताने सरकवून पाहायचे. पाचही गेले तरच पुढे.

दुखण्याचं मूळ: जोडांची गर्दी

जोड चांगले, हवा कोरडी, तरी त्याच मीटरला लोड चढतो. याचं उत्तर मला आमच्या क्रीलवरच्या मामांकडून मिळालं. मामा मूळचे इचलकरंजीचे. पुण्यात यायच्या आधी तिथे पंधरा वर्षं वहिफणी केलेली. यंत्रमागावरचा बीम संपत आला की जुन्या ताण्याच्या हजारो दोऱ्यांना नव्या बीमचे दोरे एकेक करून जोडायचे, ते हे काम. मी त्यांना मीटरचा हिशेब दाखवला. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही छत्तीस बॉबिना एकाच दिवशी चढवलासा. मग संपणार पण एकाच दिवशी की. आमच्याकडं कारखानदार सगळ्या मागांवर एका दिवशी बीम चढवतच नव्हता. सगळे एकदम संपले तर वहिफणीला माणसं कुठनं आणायची?"

एवढं साधं होतं. गणित करून पाहा. ४८०० टेक्सच्या एका पेडात काच भरते सुमारे १.९ चौरस मिमी. असे ३६ पेड म्हणजे ६८ चौरस मिमी. १२ मिमी सळईचं क्षेत्रफळ ११३, म्हणजे आकारमानाने ६० टक्के काच. जोडाच्या जागी एक पेड दोन होतो, म्हणजे ३७ पेड, काच ६२ टक्क्यांच्या आत. एवढं डाय मुकाट्याने गिळते. एकाच जागी चार जोड आले की ४० पेड, काच ६७ टक्क्यांवर. तिथे रेझिनला मागे सरकायला वाट राहत नाही, डायच्या निमुळत्या तोंडाशी दाब वाढतो, तंतू सोलतात, आणि सोललेले तंतू पुढच्या जोडाला अडवतात.

आता गर्दी कशी होते ते पाहा. सगळ्या बॉबिन एकाच दिवशी चढवल्या, प्रत्येकीच्या लांबीत वरखाली एक टक्का फरक धरला, तर छत्तीसही जोड जेमतेम ८० मीटरच्या पट्ट्यात येतात. सरासरी सव्वादोन मीटरला एक. आणि ते काही मोजून समान अंतरावर येत नाहीत. कुठे पाच मीटर कोरडे जातात, तर कुठे एका मीटरमध्ये तीन येतात. आमचे जुने जोड वीतभर लांब होते, म्हणून ते एकमेकांवर चढायची शक्यता जास्त. स्प्लायसरचे जोड आखूड, म्हणून त्रास कमी झाला, पण पट्टा तोच राहिला.

पुण्यात गुरुवारच्या सुट्टीला जुने लोक अजून स्टॅगरिंग म्हणतात. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि एकाच दिवशी चालू नकोत, विजेचा भार वाटला जावा, म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार दिले, त्यातला आपला गुरुवार. जोडांना नेमकं तेच करायचं.

४,१६६ मीटर भागिले ३६ म्हणजे दर ११६ मीटरला एक जोड, सव्वातीन तासांना एक. एका पाळीत दोन-तीन. पहिल्या फेरीत आम्ही वेळापत्रक लावलं. दर सव्वातीन तासांनी एका चालू बॉबिनचा पेड कापायचा आणि तो नव्या भरलेल्या बॉबिनच्या आतल्या टोकाला जोडायचा. एकदा असं ३६ जणींचं झालं की पुढे प्रत्येक बॉबिन आपापल्या वेळी संपते आणि जोड आपोआप विखुरलेले राहतात.

इथे आम्ही एक चूक केली, ती तुम्ही करू नका. मध्येच कापलेल्या अर्ध्यामुर्ध्या बॉबिनचं काय करायचं? काच महाग, टाकवत नाही. म्हणून ज्या जागेवरून काढली त्याच जागेवर, नव्या बॉबिनच्या मागे राखीव म्हणून लावून दिली. वरवर शहाणपणाचं वाटतं. पण हिशेब करा. एका जागेवरची बॉबिन १,००० मीटरला कापली. नवी ४,१६६ चालली, मग उरलेली ३,१६६. एकूण ८,३३२. दुसऱ्या जागेवरची ३,००० ला कापली. नवी ४,१६६, उरलेली १,१६६. एकूण पुन्हा ८,३३२! कुठेही कापा, बेरीज तीच. सगळ्या जागा पुन्हा एकाच मीटरला येऊन मिळाल्या, आणि विस्कटलेली गर्दी दुसऱ्या फेरीच्या शेवटी जशीच्या तशी उभी राहिली. मीटर काउंटरवर ८,३०० च्या पुढे आकडा गेला आणि लोड चढायला लागला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. उरलेल्या बॉबिन दुसऱ्या मशीनवर, नमुन्याच्या मालावर, कुठेही वापरा, पण त्याच क्रीलवर त्याच जागी परत लावू नका.

आता क्रीलवर प्रत्येक जागेला खडूने क्रमांक आहे आणि वहीत त्यासमोर बॉबिन सुरू झाल्याचा मीटर. नवा बॉबिन-लॉट आला आणि वजनात फरक असला, तर दोन जागा हळूहळू जवळ सरकतात. दोन नोंदींमधलं अंतर २० मीटरच्या खाली गेलं की त्यातली एक बॉबिन थोडी आधीच कापून अंतर पुन्हा वाढवायचं.

जोड डायपर्यंत कधी पोचेल तेही आधी कळतं. आमच्याकडे क्रील ते डाय ९ मीटर, म्हणजे बॉबिन बदलल्यावर बरोबर पंधरा मिनिटांनी. तेव्हा ऑपरेटर डायच्या तोंडाशी उभा राहतो. दीड मिनिटात जोड डायमधून बाहेर पडतो, तिथे मार्करने खूण होते आणि तो तुकडा वेगळा पडतो. एका जोडाने ३६ पैकी एकच पेड तिथे तुटक असतो, त्यामुळे ताकद फार जात नाही. पण भार घेणाऱ्या मालात मी तो तुकडा देत नाही. काचेची बचत करण्यापेक्षा मला ते बरं वाटतं.

जोड डायऐवजी क्रीलवरच सुटत असेल, तर कारण बहुधा वळणांमध्ये असतं. आयलेटवरून पेड नव्वद अंशांत वळला आणि घर्षणांक ०.३ धरला, की ताण १.६ पट होतो. अशी पाच वळणं घेतली की दहापट. जोड मजबूत करत बसण्याआधी दोन वळणं कमी करा. आणि बॉबिनवरची प्लॅस्टिकची फिल्म शेवटपर्यंत काढू नका. पेड आतून ओढला जातो, शेवटी बाहेरचे थर उभे राहतात ते त्या फिल्मच्या आधाराने. ती फाडली की शेवटचे थर कोसळतात, गुंता थेट आयलेटवर जातो, आणि सगळे म्हणतात जोड तुटला. राखीव बॉबिनचं आतलं टोक चालू बॉबिनच्या बाहेरच्या टोकाला जोडताना ते टोक बॉबिनखाली दबलेलं नाही ना, तेही पाहा.

बारीक सळई काढणाऱ्यांसाठी वेगळं सांगावं लागेल. ऑप्टिकल केबलच्या पोटात जाणारी २ मिमीची सळई घ्या. तिचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मिमी. त्यात ४८०० टेक्सचा एकच पेड घातला तर काच ६० टक्के होते, म्हणून काही जण तसंच चालवतात. जोड आला की दोन पेडांची काच ३.८ चौरस मिमी, म्हणजे सळईच्या क्षेत्रफळापेक्षाही जास्त. तो जोड कितीही सुबक असला तरी डायमधून जाणारच नाही. तिथे ६०० टेक्सचे आठ पेड घ्या. एक जोड आला तर नऊ होतात, काच ६८ टक्क्यांच्या आत, आणि लाईन कण्हत का होईना निघते. दोन एकदम आले तर ७५ टक्के, म्हणजे अडकलीच. त्यामुळे तिथे आठही बॉबिनांचे मीटर पहिल्या दिवसापासून वहीत हवेत.